चार पर्यायांत सिस्टर सापडत नाही

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय: पास झालेल्या मुलींची नोंदणीआधी देशभर एकच परीक्षा घ्यावी का? कोथरूडची मैत्रीण, आता स्वतः ट्यूटर, म्हणते, "घ्याच. कॉम्प्युटरवर शंभर प्रश्न, चार पर्याय. कचरा आपोआप गळेल."

कचरा कोणाला म्हणतेस गं?

ब्रिटनमध्ये लीड्सला नर्स म्हणून यायचं म्हणून मी दोन्ही परीक्षा दिल्या: सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची पर्यायांची, आणि ऑस्की, म्हणजे हाताने काम करून दाखवायची. सीबीटीतला एक प्रश्न आज आठवत नाही. ऑस्कीची दहाही स्टेशनं आठवतात, प्रत्येकावर एक वेगळं काम. पुतळ्यापुढे उभं राहून मोठ्याने बोलायचं: हात धुतले, नाव-जन्मतारीख मनगटावरच्या पट्टीशी ताडली, ॲलर्जी विचारली. परीक्षक गप्प, हातात तक्ता. ॲलर्जी राहिली की बाकी हात कितीही सफाईचा असो, गेलंच ते स्टेशन. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत मांडली, म्हणजे कालचं फॅड नाही. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला काय होतं? ट्रे मांडा, दोन प्रश्न, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एक्स्टर्नल मॅडमना गाडी गाठायची घाई.

मैत्रिणीने लगेच टोला हाणला: "तुमच्या तिथल्या गोऱ्या मुलींना कुठे असते ऑस्की?"

नोंदणीसाठी नसते. ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांना. पण इथे शिकणारी मुलगी 2,300 तास प्रत्यक्ष कामावर काढते आणि तिचं काम बघून असेसर सही करते. कोणीतरी हात बघतंच. माझं म्हणणं तेवढंच आहे. शंभर प्रश्नांचा क्लास टिळक रोडवर महिनाभरात निघेल, फी भरून मुली पासही होतील, वॉर्डात काय?

तरी टोला लागला. पुण्यात नाइटला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणारी मी, पिन, म्हणजे इथला नोंदणी क्रमांक, येईपर्यंत इथे बँड फोर, म्हणजे नर्सच्या खालची मदतनिसाची पायरी. पिन आल्यावरही वेगळी सही मिळेपर्यंत कॅन्युलाला, शिरेत घालायच्या नळीला, हात लावायचा नाही. ज्या शिरा मी अंधारात शोधल्यात, त्या! ऑस्कीचे 794 पौंड ट्रस्टने, म्हणजे मला नोकरी देणाऱ्या सरकारी हॉस्पिटल संस्थेने, भरले, अपमान मात्र माझा मीच गिळला. आता पुण्यातल्या मुलींनीही तो गिळावा असं वाटतं का? थोडं वाटतं. ग्रुपवर हे लिहिलं नाही. तिथे फक्त विचारलं, पुतळे आणि परीक्षक यांचा खर्च सरकार उचलणार की मुलींचे आईबाप? त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.