भुऱ्याचा बारमाही चातुर्मास

कुत्र्याला सवयी कशा लावाव्यात यावर जितके व्हिडिओ आहेत ना, ते सगळे एकट्यादुकट्या माणसांनी काढलेले आहेत असं माझं ठाम मत झालंय. त्यात एक माणूस असतो, एक कुत्रा असतो, हिरवंगार लॉन असतं आणि माणसाच्या कमरेला खाऊची पिशवी असते. आमच्याकडे आई, नाना, बायको, दोन पोरं, मी, वर भाडेकरू, आणि लॉनच्या जागी तुळशीचं वृंदावन आणि तापलेली शहाबादी फरशी. त्यात जळगाव आणि त्यात मे महिना. पारा 44-45 वर गेला तरी इथं कोणी बातमी म्हणून सांगत नाही, फक्त "आज जरा वारा नाही" एवढंच म्हणतात.

भुऱ्या साधा गावठी. पिवळट भुरा रंग, उभे कान, एका कानाला खाच. मेहरूण तलावाकडे फिरत होता तिथून एका प्राणीप्रेमी मुलीने उचलून, लसीबिसी देऊन आम्हाला दिला. कानाची खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, ऑपरेशनच्या वेळी बेशुद्ध असतानाच करून टाकतात म्हणजे तोच कुत्रा परत पकडला जात नाही. पण समोरचे अप्पा रोज विचारायचे, "कोणाशी भांडला भो हा?" शेवटी एकदा सांगितलं त्यांना खरं कारण, तर अप्पा जे गप्प झाले ते झालेच, मग हळूच वाकून भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरात निघून गेले. तेव्हापासून भुऱ्या भुंकला तरी अप्पा तक्रार करत नाहीत.

त्या मुलीने जाताना बजावलं होतं, 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने. पहिले 3 दिवस घाबरलेला असेल, 3 आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळेल, आणि हे आपलंच घर आहे हे पटायला 3 महिने लागतील, तोवर मागे लागू नका. मागे लागू नका हे कोणाला सांगायचं, तर खान्देशी माणसांना, ज्यांच्याकडे कुरिअरवाला पण पाणी प्याल्याशिवाय गेट सोडू शकत नाही! भुऱ्या आल्या आल्या दिवाणाखाली जो घुसला तो घुसलाच आणि आमचं सगळं घर दिवाणासमोर पोटावर झोपून त्याला आग्रह करू लागलं. पोरांनी पनीर दाखवलं, बायकोने दूधभात, आई भाकरीचा तुकडा हलवत "ये रे भो, आठे ये, कोनी काय करत नही तुले" असं अमळनेरकडच्या गोडव्याने बोलावत होती, आणि भुऱ्या दिवाणाखालून आमच्याकडे असा बघत होता की हे इतके लोक एकदम आडवे का झाले.

त्याला बाहेर काढलं ते शेवटी कूलरने. दुपारी लाइट गेली होती, दीड तास घर नुसतं भट्टी, आणि लाइट आली तसा कूलर घरघरला. ओल्या वाळ्याचा वास सुटला, आणि दिवाणाखालून आधी नाक, मग खाचेचा कान, मग सगळा भुऱ्या. चालत चालत थेट कूलरपुढे जाऊन चारी पाय चार दिशांना टाकून पोट फरशीला लावून पडला. आता ती जागा म्हणजे नानांची. रिटायर झाल्यापासून तिथं दुपारी दुसरं कोणी बसलेलं आम्ही पाहिलेलं नाही, साक्षात जावई आला तरी त्याला खुर्ची बाजूला दिली जाते. नाना पेपर घेऊन उभे, खाली भुऱ्या. नाना म्हणाले, "याला सांग." मी म्हटलं नाना त्याला आपल्यासारखा घाम येत नाही हो, येतो तो पंजाच्या गाद्यांना तेवढाच, बाकी सगळं जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर भागवावं लागतं. नाना म्हणाले, "मग मी काय जीभ काढू?" आणि खुर्ची ओढून अर्ध्या वाऱ्यात बसले. अजून तसेच बसतात.

पुढचा विषय शी-शूचा, इथे मात्र घाई करून चालत नाही. झोपून उठला की बाहेर, जेवला की बाहेर, खेळून दमला की बाहेर, आणि बाहेर काम झालं की त्याच क्षणी, म्हणजे एक-दोन सेकंदांत, तोंडभरून कौतुक करायचं. घरात केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर अजिबातच नाही, कारण दहा मिनिटांनी ओरडलेलं त्याला कशाबद्दल आहे ते कळत नाही, एवढंच कळतं की हा माणूस अधूनमधून बिघडतो. झालं, मी आपला पहाटे पाच वाजता भुऱ्याला घेऊन डीपीजवळच्या खांबापाशी उभा. तो खांबाला तीन चकरा मारणार, वास घेणार, विचार बदलणार, परत घेणार. आणि एकदाचा पाय वर झाला की मी टाळ्या वाजवत "शाब्बास रे वाघा! वा वा वा! गुणाचा तो!" तेवढ्यात मॉर्निंग वॉकची बायामाणसं वळणावरून आली. अप्पा थांबले. खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय व्हयनं भो?" मी म्हटलं काही नाही अप्पा, भुऱ्याने शू केली. अप्पांनी मागच्या मंडळींना वळून सांगितलं, "शू केली त्याने," आणि त्या सगळ्यांनी पण टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून भुऱ्याला कमी प्रेक्षकांत होत नाही.

तरी घरातला एक कोपरा सुटेना. देवघराशेजारचा, नेमका. आई रोज तो कोपरा गोमूत्राच्या फिनाइलने पुसायची आणि तो रोज तिथंच. डॉक्टरांना विचारलं तर ते हसायलाच लागले, म्हणाले अहो मुताच्या वासावरच तर तो जागा ओळखतो, तुम्ही त्याला रोज नवीन बोर्ड लावून देताय. म्हणजे भुऱ्याच्या हिशोबाने तिथं रोज सकाळी त्याच्या आधी एक गाय येऊन जात होती! मग एंझाइमवालं क्लीनर मागवलं, वास गेला, कोपरा सुटला. फिनाइलची उरलेली बाटली आईने वरच्या भाडेकरूंना दिली. ते कुत्रा पाळत नाहीत.

आता खाण्याचं. डॉक्टर म्हणाले कांदा नको, लसूण नको, शिजवलेला असो की कच्चा, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. द्राक्षं-मनुका नको, किडनीला घातक. चॉकलेट नको. तिखट, तेल, जास्त मीठ नको. मी लिहून घेता घेता थांबलो, म्हटलं डॉक्टर, मग खान्देशात राहून याने खायचं तरी काय? शेवभाजी गेली, ठेचा गेला, फौजदारी डाळ गेली, भरीत तर मुळापासून गेलं कारण आमचं भरीत म्हणजे पातीचा कांदा आणि लसूण, त्यात वांगं आपलं निमित्ताला. आईने मात्र एका वाक्यात समजून घेतलं, "म्हंजे चातुर्मास धरेल हाई त्याने." लोकांचा आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, भुऱ्याचा बारमाही. तेव्हापासून त्याच्यासाठी सकाळी वेगळा भात लागतो आणि आई पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगते की आमच्यात एवढं कडक कोणीच पाळत नाही. केळं तेवढं चालतं, थोडं, फोड करून, तर ते जळगावात कमी नाही.

तशी आई कुत्र्याच्या बाजूने पहिल्यापासून, आमचं कुळदैवत खंडोबा, म्हणून त्याला काठी दाखवायची नाही हा तिचा नियम. पण पोटाला हात लावून "याचं अंग तापलंय" म्हणत ती एकदा आपली तापाची गोळी देणार होती, बायकोने हातातून ओढून घेतली. कुत्र्याचं अंग मुळात 101-102 असतं, तो ताप नव्हे, आणि आपली गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

आणि शिस्त. बायकोचं म्हणणं सोफ्यावर नाही. पोरांचं म्हणणं सोफ्यावरच. नाना म्हणतात, कूलर सोडून कुठेही. मी "बस" म्हटलं की तो बसतो, पण माझ्या हातात काही असेल तरच, रिकामा हात त्याला लांबूनच ओळखू येतो. आईसमोर तर तो काही न सांगताच पुढचा पंजा उचलतो आणि आई पदराआडून भाकरीचा तुकडा काढते. मी म्हटलं आई जेवताना मागितलं की द्यायचं नाही, सवय लागते. आई म्हणाली, "माले माहीत हाई, म्हनून तर तो मागायच्या आधीच देते." पावलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांना तालावर लाळ गाळायला शिकवलं, त्यांना 1904 चं नोबेलही मिळालं, पचनक्रियेच्या कामासाठी. मोठाच माणूस, पण त्यांच्या प्रयोगशाळेत आमची आई नव्हती. इथं भाकरी थापल्याचा थप थप आवाज आला की भुऱ्याचे कान उभे राहतात, आणि भुऱ्याचे कान उभे राहिले की आईचा हात आपोआप डब्याकडे जातो, आता यात कोणी कोणाला शिकवलं ते तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे त्याला सगळ्यांचे सगळे नियम पाठ आहेत. बायकोच्या स्कूटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तो सोफ्यावरून उतरतो, जिन्यापाशी जाऊन सज्जनासारखा बसतो आणि ती आत आली की जांभई देतो. सोफा गरम असतो. ती हात लावून बघते आणि माझ्याकडे बघते.

येत्या रविवारी बहीण आणि जावई येतायत. जावईबापूंना कुत्र्याची प्रचंड भीती, लहानपणी एक चावलं होतं आणि त्यांच्या काळात ती पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, आता दंडावर मोजकी देतात हे सांगून काही उपयोग नाही, ते डोळे मिटून चौदा मोजतात. तर भुऱ्याला त्या दिवशी कुठे बांधायचं यावर काल घरात बैठक झाली. गच्चीवर बांधता येत नाही, ऊन. मागच्या अंगणात फरशीला पाय भाजतात. पोरं म्हणाली अप्पांकडे ठेवू, अप्पा तयार पण आहेत. आई इतका वेळ शांतपणे लसूण सोलत होती. ती म्हणाली, भुऱ्याला कशाला हलवता, त्याचं नुकतं कुठं बस्तान बसून राह्यलंय, जावईबापूंचं ताट वर भाडेकरूंकडे लावू.

नानांनी विचारलं, तिथं कूलर आहे का.