शेजाऱ्यावर प्रीती, माडासकट

शत्रूवर प्रीती करणं मला फारसं जड जात नाही. शत्रू सहसा लांब राहतात. शेजारी मात्र गोव्यातल्या आमच्या बार्देशात हाकेच्या अंतरावर असतो, आणि आमच्या शेजाऱ्याचा तर माडच आमच्या अंगणात झुकलेला आहे.

ऐन पावसात त्या माडाचा नारळ आमच्या गाडीच्या टपावर पडला. टप बसला. शेजारच्या अंकलना म्हटलं, पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बोलवून नारळ उतरवून घ्या. ते म्हणाले, पाडेली मिळतो कुठे आजकाल? यात खोटं काहीच नाही. मुलगा पाद्री व्हावा असं वाटणारं घर गोव्यात अजून सापडेल, पाडेली व्हावा असं वाटणारं नाही. पण वर अंकल म्हणाले, "माडाखाली गाडी लावतोस कशाला?" त्या क्षणापासून बोलणं बंद. पुढे पडतील ते नारळ आम्ही नुकसानभरपाई म्हणून स्वयंपाकघरात जमा करू लागलो.

पाऊस सरला आणि वाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सायबिणीचं वेळापत्रक आलं. सायबीण म्हणजे मरिया माउलीची मूर्ती. ती घरोघर फिरते. ज्या घरी मुक्काम, तिथे संध्याकाळी सगळा वाडा जमून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतो, गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी त्या घरची माणसं मेणबत्त्या पेटवून मूर्ती पुढच्या घरी पोचवतात. आमच्या आधीचं घर अंकलचं. मधलं घर गाळायची सोय नाही, आणि गाळायचं झालं तरी मध्ये फक्त तो माड आहे.

आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत वाढलेले. माउलीशी आमचं मराठीत छान जमतं. इथे प्रार्थना कोंकणीत, आणि हातातलं पुस्तक रोमन लिपीत. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं तेव्हा ओव्या अस्सल मराठी होत्या आणि अक्षरं रोमन. म्हणजे चारशे वर्षं झाली, गोव्यात देवापर्यंत पोचायला एबीसीडी लागतेच.

त्या आठवड्यात बायबलमधला मत्तयाचा पाचवा अध्याय माझ्या मागे लागला. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी ते वकिलासारखं वाचलं. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. माझ्या मनात भावाविरुद्ध असेल तर काय, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. टप माझा बसलाय, सबब पहिलं पाऊल अंकलचं. चणे निवडणाऱ्या बायकोला हा युक्तिवाद ऐकवला. ती म्हणाली, "आधी खुर्च्या आणा." वाड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत एकाच घरी आहे. कुणाच्या ते सांगायला नको. शेवटी तीच जाऊन घेऊन आली.

संध्याकाळी मिरवणूक फाटकाशी आली. पुढे अंकल, काळा सूट, बुटांवर मेणाचे थेंब, छातीशी मूर्ती. मी हात पुढे केले. मूर्तीच्या बैठकीखाली त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली आणि ती सोडेनात. वाड्याने गाण्याचं एक कडवं जास्त म्हटलं. मग अंकल पुटपुटले, "सांबाळून धर. जड आसा." पावसाळ्यानंतरचे त्यांचे हे पहिले शब्द.

तेर्स सुरळीत पार पडला. शेवटी पाचारणासाठी प्रार्थना झाली, आमच्या वाड्यातून पाद्री आणि सिस्टर निघू देत म्हणून. ही प्रार्थना सगळे मनापासून म्हणतात आणि म्हणताना दुसऱ्याच्या मुलांकडे बघतात.

मग चणे आले. वर भरपूर सोय, म्हणजे खवलेला नारळ. अंकलनी घास घेतला, सावकाश चावला, डोळे मिटले. "सोय बरी आसा. नाल्ल खंयचो?"

माझा घास घशातच अडकला. सायबिणीसमोर खोटं बोलायचं कसं, आणि खरं बोलायचं तर भरल्या ताटावर उठतील. बायको शांतपणे म्हणाली, "वरून आला, अंकल."

अंकलनी खिडकीबाहेर माडाकडे पाहिलं, मग ताटलीकडे. म्हणाले, "आनी मातशे घाल."

टपाचा विषय अजून प्रलंबित आहे.