लेखकाचा पेशा वाचकाने का विचारावा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला राग मला प्रामाणिक वाटला, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या अर्थकारण-राजकारणावरच्या इंग्रजी साप्ताहिकात लिहिणारी माणसे पोटापाण्यासाठी काय करतात, याविषयी मी मागच्या लेखात लिहिले होते आणि ‘हे साप्ताहिक आता प्राध्यापकांच्या ताब्यात गेले आहे’ असे एक वाक्य त्यात होते. आपले म्हणणे असे की, पेशा पाहून लेख जोखणे हे आडनाव पाहून माणूस जोखण्यासारखेच आहे. मुद्दा चुकीचा असेल तर तो मुद्द्याने खोडावा, लिहिणारा कुठे नोकरी करतो याची चौकशी वाचकाने करू नये. शेवटी आपण विचारले आहे की, असे लिहिणाऱ्याने स्वतःचा पेशा कुठे सांगितला आहे?

‘ताब्यात’ हा शब्द मी मागे घेतो. तो अन्यायकारक होता, कारण ‘प्राध्यापक’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसे मी कोंबली होती. के. बालगोपाल यांचेच पाहा. गणितात पीएचडी, वरंगळच्या काकतीय विद्यापीठात अध्यापन, मग नोकरी सोडून नागरी हक्कांचे पूर्णवेळ काम आणि पुढे वकिली. आंध्रातल्या पोलिसी चकमकींवर आणि तिथल्या राजकारणावर ते 2009 साली वारले तोवर या साप्ताहिकात लिहीत राहिले. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे? गो. पु. देशपांडे दिल्लीत चीनचे अभ्यासक होते आणि मराठीत नाटककार. ‘जीपीडी’ या आद्याक्षरांनी त्यांचे सदर येई. अशोक मित्र केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते, 1977 पासून पश्चिम बंगालचे अर्थमंत्री झाले, आणि ‘कलकत्ता डायरी’ हे त्यांचे सदर ‘ए. एम.’ एवढ्याच सहीने छापले जाई. सचिन चौधरी यांनी 1949 साली ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले आणि 1966 साली त्याला आजचे नाव मिळाले. तेव्हापासून ही सरमिसळ या साप्ताहिकाचे बळ राहिली आहे. 1969 पासून 2004 पर्यंत संपादक असलेल्या कृष्णराज यांनी ती निगुतीने जपली.

आडनावाच्या तुलनेशी मात्र मी सहमत नाही. आडनाव जन्माने चिकटते. पेशा म्हणजे माणूस दिवसाचे आठ तास कुठे उभा असतो आणि तिथून त्याला काय दिसते. मुद्दा खरा की खोटा हे पेशावरून ठरत नाही, हे आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पण कोणता मुद्दा मांडलाच जात नाही, हे लिहिणारे कुठून आले यावरून बऱ्याच अंशी ठरते, आणि माझा विषय तोच होता.

रोजगार हमीचे उदाहरण घेतो, कारण ते मला घरातून माहीत आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दोन अर्थतज्ज्ञांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास याच साप्ताहिकात जानेवारी 1971 मध्ये दोन अंकांत आला. 1960–61 च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, ही किमान खर्चाची रेषा त्यांनी धरली. खेड्यातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली सुमारे 50 टक्के माणसे तिच्या खाली होती. उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढावीत असे सुचवले. त्याच सुमारास विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात अशा कामांचा प्रयोग झाला होता, आणि 1972 च्या दुष्काळात ती कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली. पुढे 1980 साली कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी या कामांवरच्या मजुरांची पाहणी करून त्याच साप्ताहिकात लेख लिहिला. ही सगळी कामे उत्तम आहेत आणि मी ती आदराने वाचतो.

माझे वडील रोजगार हमीवर हजेरी सहायक होते. पाझर तलावाच्या कामावर मजूर खड्डा खणीत, तेव्हा मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवीत. किती खोल खणले याचे माप त्या खुंटावरून निघे आणि त्या मापावर मजुरी ठरे. पावसाची एक सर आली की खुंट झिजे. माप घेणारा कनिष्ठ अभियंता आठवडाभर उशिरा आला, तर बायामाणसांनी उपसलेली माती कागदावर कमी भरे. हजेरीपटावर अंगठे असत, दिवस पुरे असत आणि हातात पैसे कमी पडत. वडील हे रोज पाहत होते आणि त्यांना चांगले लिहिताही येत होते. पण आपण पाहतो ते लेखात मांडण्याजोगे ज्ञान आहे असे त्यांना कुणी कधी सांगितले नाही, आणि ते इंग्रजीत, तळटिपांसह मांडायला त्यांच्याजवळ ना वेळ होता ना कारण होते.

कारण नसणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण प्राध्यापकाजवळ ते असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमांत शोधनिबंधांना गुण लावले, नेमणुका आणि बढत्या त्या गुणांशी जोडल्या, आणि तेव्हापासून मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून येणे ही अध्यापकाची नोकरीची गरज होऊन बसली. यात अध्यापकांचा दोष नाही. संपादकाच्या टेबलावर मात्र एका बाजूने गठ्ठे येत राहतात आणि दुसऱ्या बाजूने काहीच येत नाही. अशा वेळी हजेरी सहायकाला, अंगणवाडी सेविकेला, तलाठ्याला शोधून त्यांच्याकडून लिहवून घेणे हे संपादकाचे काम ठरते, आणि मराठीत ते करणे इंग्रजीपेक्षा सोपे आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत रास्त वाटला. मी एका सहकारी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे पीककर्जाच्या वसुलीचे काम केले. कर्जमाफीच्या विरोधात मी इथे दोन लेख लिहिले आहेत. त्यातले युक्तिवाद मला आजही पटतात, पण ते लिहिणारा माणूस वसुलीसाठी शेतकऱ्यांच्या दारात जात होता, हे वाचकाला कळायला हवे होते आणि मी ते लिहिले नव्हते. आज सकाळी दोन्ही लेखांच्या शीर्षकाखाली ती ओळ घातली आहे.