आधी खोली मोजावी
वूफर (स्पीकरमधला खर्जाचे स्वर वाजवणारा भाग) जितका मोठा तितका फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा, स्पीकर उत्तम, हे स्पीकर निवडीवरच्या एका लेखातील मत मुंबईतल्या घरांना लागू पडत नाही, असे मला ठामपणे वाटते. दादर-गिरगावकडच्या 12 फुटी दिवाणखान्यात सुमारे 47 हर्ट्झ (सेकंदाला 47 कंपने) आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 94 हर्ट्झच्या आसपासचे खर्जाचे स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतात, त्यामुळे डग्ग्याची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा नाद) स्पष्ट ऐकू न येता नुसता गुंजारव कानावर पडतो. जागेअभावी स्पीकर भिंतीला टेकवून ठेवावा लागला, तर हा दोष आणखी वाढतो. अशा खोलीसाठी लहान वूफरचा, शक्यतो बंद पेटीचा (पेटीला हवेचे छिद्र नसलेला) स्पीकर मला अधिक योग्य वाटतो. दुकानातल्या प्रशस्त दालनात ऐकून निर्णय न घेता घरी जोडून दाखवण्याचा आग्रह विक्रेत्याकडे धरावा आणि त्या वेळी परिचयाचे तबलावादनच लावावे.