'व्हेनम' आणि 'पॉयझन'चा फरक सांगा, पण तोंडाने विष ओढायला सांगू नका

काल सकाळी सकाळी मामाचा फोन. कोकणात त्याची भातशेती, पावसाळ्यात फुरसं दिसणं नेहमीचंच. म्हणाला, "ते इंग्रजीचं आलंय बघ ग्रुपवर, म्हणजे साप चावला तर तोंडाने ओढून थुंकलं तरी चालतं ना?" माझं डोकंच फिरलं. फॉरवर्ड असा की 'पॉयझनस स्नेक' म्हणणं चूक, साप 'व्हेनमस' असतो, व्हेनम पोटात गेलं तर काही होत नाही म्हणून लगेच ओढून काढा, सूज आली नाही तर व्हेनम गेलंच नाही, आणि टॉक्सिन म्हणजे शरीरातला कचरा जो लिंबूपाण्याने निघतो.

पहिला मुद्दा बरोबर आहे, मान्य. दाताने किंवा नांगीने टोचून आत सोडतात ते व्हेनम, आणि खाल्लं, प्यायलं, हुंगलं की बाधतं ते पॉयझन. पण म्हणून 'पॉयझनस' म्हणणारा अडाणी ठरत नाही, लॅटिनमधलं 'व्हेनेनम' म्हणजे कुठलंही विष आणि 'पॉयझन' आलाय पिण्यावरून, बोलताना लोक दोन्ही सर्रास वापरतात.

खरा संताप दुसऱ्या मुद्द्याचा. व्हेनममध्ये मुख्यतः प्रथिनं असतात, ती पोटात बरीचशी पचतात हे खरं, पण तोंडात छाले असले, हिरड्यातून रक्त येत असलं तर ते थेट रक्तात जाऊ शकतं, आणि मुळात ओढून निघतं किती? २००४ साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या पायात खोटं विष टोचून पंपाने ओढून बघितलं तर निघालं जेमतेम ०.०४ टक्के! पंपाने एवढं, मग तोंडाने काय निघणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ओढणं, कापणं, घट्ट दोरी आवळणं हे सगळं टाळा असंच आहे. त्या ओढाओढीत जो अर्धा तास जातो तो दवाखान्याच्या वाटेवरचा असतो.

सूज नाही म्हणजे विष नाही, हे तर सरळ जीवघेणं आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही नसते, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होऊन मिटायला लागतात, पुढे श्वास अडकतो.

टॉक्सिन म्हणजे सजीवाने तयार केलेलं विष, सापाच्या व्हेनममध्येही तेच असतं, लिंबूपाण्याचा काही संबंध नाही.

मामाला सांगितलं, १०८ ला फोन केलास की 'पॉयझन झालं' म्हणू नकोस, त्यांना वाटेल कोणी फवारणीचं औषध प्यायलं, त्याचे उपचार वेगळे. सरळ 'साप चावलाय' म्हण. अंगठी, कडं काढ, हात-पाय हलवू नकोस, साप पकडत बसू नकोस, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. मामीला फोनवर घेऊन हेच परत सांगितलं, तिने १०८ ओटीवरच्या भिंतीवर खडूने लिहिलाय.