‘दहा मिनिटांत आरसा’ म्हणे! बंदुकीचे भाग आणि बफ

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बंदुकीचे भाग पेपरने घासत बसू नका. मोठा बफ, २८०० आरपीएम, हिरवा साबण, जोर लावून दाबा; दहा मिनिटांत आरसा. रेघा राहिल्याच तर ब्लॅकोडायझिंगमध्ये झाकल्या जातात.’ (पेपर म्हणजे पॉलिश पेपर; बफ म्हणजे मोटरवर फिरणारं कापडाचं किंवा धाग्याचं चाक; साबण म्हणजे त्याला लावायची पॉलिशची वडी; ब्लॅकोडायझिंग म्हणजे रसायनाच्या टाकीत पोलादावर चढवलेला काळा थर.)

भांडी बाजारातली समई बफवर झळकते, हे खरं. पण पितळ मऊ आणि समई गोलाईची. पोलादी भागाला सपाट बाजू, सरळ कडा आणि भोकं असतात. नजर आधी तिथेच जाते.

पेपर नको? बफ लवचीक असतो. उंचवट्याबरोबर तो खळग्यातही शिरतो. खोल ओरखडा त्याने जात नाही, त्याचे काठ गोल होऊन उलट रुंद दिसतो. बफ स्क्रूच्या भोकावरून गेला की भोकाचा एक काठ ओढला जातो आणि गोल भोक थेंबासारखं दिसू लागतं. तिथली धातू परत आणता येत नाही. म्हणून १८०, २४०, ३२०, ४०० असे चढत्या बारीकपणाचे पेपर सपाट कानशीवर किंवा लाकडाच्या पट्टीवर घट्ट गुंडाळून, तेलाचा थेंब टाकून चालवायचे. भोकात आधी लाकडाची खुंटी ठोकून ती पृष्ठभागाच्या पातळीला कापून घ्यायची. प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा. ट्यूबलाइटखाली भाग तिरपा धरून पाहायचा: ३२० च्या रेघांमध्ये १८० ची एक जरी खोल रेघ दिसली, तरी मुकाट्याने २४० वर परत. कंटाळवाणं काम आहे, पण बफ नंतर फक्त हेच चमकवतो.

हिरवा साबण क्रोम ऑक्साइडचा, तो शेवटच्या झळाळीचा. पोलाद कापायला सिसल (खरखरीत वनस्पती-धाग्याच्या) बफवर काळा एमरी साबण, मग वेगळा कॉटन बफ. एका बफला एकच साबण. काळ्याचा एक खडा हिरव्याच्या बफवर गेला की प्रत्येक भागावर नवी रेघ उमटते.

वेगाचा हिशोब सोपा आहे. १० इंची बफ २८०० ला मिनिटाला सुमारे २२०० मीटर धावतो, १४४० ला साधारण निम्मा. शेकड्याने एकसारखे भाग करायचे तर जास्त वेग चालतो. अक्षरं-कडा असलेल्या एकट्या भागाला १४४० च बरा, हात आवरता येतो. भाग नेहमी बफच्या मध्यरेषेखाली धरायचा आणि त्याची वरची कड बफसमोर येऊ द्यायची नाही. ती अडकली की भाग हातातून सुटून जोरात फेकला जातो. दाबल्याने चमक वाढत नाही, उष्णता वाढते. साबण वितळून काळे पट्टे पडतात. पातळ भागावर गवती पिवळा रंग आला म्हणजे २२० अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३०० च्या. कडक पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, तिथेच उतरतं.

‘झाकल्या जातात’ हे तर सपशेल चूक. ब्लॅकोडायझिंगचा थर जेमतेम एक मायक्रॉनचा. तो रंगासारखा भरून येत नाही, खालची रेघ तशीच दाखवतो. साबणाची चरबी राहिली तर तपकिरी डाग. गरम कॉस्टिकच्या पाण्यातून काढून धुतलेला भाग लगेच टाकीत गेला पाहिजे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत धुतलेलं पोलाद थोड्याच वेळात गंजाची झाक धरतं.

मेसेजने दोन गोष्टी सांगितल्याच नाहीत. बंदुकीवरचा नंबर वा खूण पुसणं आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ८ प्रमाणे मनाई आहे, आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. ठशांजवळ बफ न्यायचाच नाही, ४०० चा पेपर हाताने. दुसरी गोष्ट, चाप आणि घोडा एकमेकांना अडकतात त्या कडा. तिथे चमक हवी कुणाला? कोन जरा गोल झाला की घोडा धक्क्यानेही सुटू शकतो.