वेग आणि बेदरकारपणा

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याला महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन आले. रस्ता मोकळा होता, समोर चिटपाखरू नव्हते, मग गुन्हा कसला, असे त्याचे म्हणणे. दंड भरावाच लागेल हे मी त्याला सांगितले, पण त्याच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ फक्त आकडा पाहते. मर्यादा ओलांडली की हलक्या वाहनाच्या चालकाला एक ते दोन हजार रुपये दंड. धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयीचे कलम १८४ मात्र जागा कशी आहे, रस्त्याची अवस्था काय आहे आणि तिथे त्या वेळी किती वर्दळ आहे किंवा असू शकते, हे सारे विचारात घ्यायला लावते, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणा ठरायला कुणाला खरचटलेलेही असावे लागत नाही. माणसाचा जीव धोक्यात येईल असे चालवणे पुरेसे आहे. उलट, केवळ वेग जास्त होता एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटकातील सतीश खटल्यात म्हटले आहे.

आता गोव्यातल्या आमच्या वाड्यावरचे वळण पाहा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, पलीकडचे काही दिसत नाही, आणि सकाळी तिथेच पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल उभी करून पाव देत असतो. हाच भाचा तिथून ताशी पंचेचाळीसने जातो. माझ्या मते कलम १८४ ला जवळचे कृत्य हे आहे, महामार्गावरचे नव्हे. पण कॅमेरा आकडा मोजतो. गडगा आणि पोदेर पाहायला तिथे माणूस उभा असावा लागतो, आणि तो आमच्याकडे सहसा नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावर अपघातात तिघांचा जीव गेला, तेव्हा सदोष मनुष्यवधाचे कलम लावले गेले. (त्या प्रकरणात मद्यपानाचाही आरोप आहे, हे खरे.) एवढी जड कलमे माणसे गेल्यावर आठवतात, त्याआधीची, हलकी पण नेमकी कलमे पुस्तकातच राहतात, ही माझी खरी तक्रार आहे.

भाच्याने दंड भरला. वळणाचा विषय काढल्यावर म्हणाला, "मामा, तिथे तर मी सावकाशच असतो."